गाडीशिवाय दोन दिवस तळ्याकाठी: खिरेश्वर

ठाणे-डोंबिवलीकरांनो, तळ्याकाठी मुक्काम म्हटलं की सगळे भंडारदरा सुचवतात. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, अमृतेश्वर, रतनगड, सगळंच सुंदर! पण तिथली ठिकाणं जलाशयाभोवती विखुरलेली आहेत आणि गाडी नसेल तर जीपवाल्यांवर अवलंबून राहावं लागतं. म्हणून मी गाव निवडताना एकच गोष्ट बघतो: एसटीतून उतरल्यापासून परत चढेपर्यंत सगळं पायी होतं का?

खिरेश्वरला होतं. लोकलने कल्याण, तिथून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी एसटी. घाट चढून गेल्यावर खुबी फाट्याला उतरा. पुढे पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने साधारण पाच किलोमीटर चाल. एका हाताला पाणी, समोर हरिश्चंद्रगडाचा डोंगर. या वाटेसाठी तरी फाट्यावर जीप शोधू नका!

गावात घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय होते, आधी फोन करून ठरवा. संध्याकाळी नागेश्वराचं प्राचीन मंदिर बघा आणि छतावरचं कोरीवकाम मान वर करून निवांत न्याहाळा. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून टोलार खिंडीतून गडावर जा. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, त्यापुढे रेलिंग लावलेला कातळटप्पा. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत चार तास धरा. कोकणकडाही बघायचा असेल तर एक रात्र वाढवाच.

नवख्यांनी भर पावसात गड टाळावा. परतीच्या एसटीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.