मेज म्हणजे टेबल नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक खेळायला घेतलं. ह्यूमन, मेज, निळा झगा, पांढरी दाढी. सतरा वर्षांच्या पोराने पांढरी दाढी का निवडावी, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या रात्री अकराला फोन आला. "मामा, हा क्लासच बोगस आहे. दोन मर्लॉक आले की मी खल्लास. वॉरियर करू का?"

म्हटलं, आधी स्क्रीन शेअर कर. एल्विन फॉरेस्टमधलं तळं, काठावर मर्लॉक नावाच्या मासेमाणसांची वस्ती, हा नवव्या लेव्हलला. त्याने लांबून एकावर फायरबॉल टाकला. मर्लॉक धावत आला आणि पोरगं जागच्या जागी उभं राहून पुढचा फायरबॉल टाकत राहिलं. चार फटके बसल्यावर एस बटण दाबून मागे सरकू लागलं आणि सरकत सरकत पाठीमागच्या दुसऱ्या मर्लॉकच्या अंगावर गेलं. एवढ्यात पहिला मरायला टेकला, पळाला आणि तिसऱ्याला घेऊन परत आला. पुढे स्मशान.

गेममध्ये मेज म्हणजे जादूगार, मराठीत मेज म्हणजे टेबल. आमचं पोरगं शब्दशः मेज खेळत होतं. त्याची चूक नव्हती. मित्रांकडून आणि व्हिडिओंवरून त्याने जे गोळा केलं होतं, त्यातलं निम्मं तरी चुकीचं होतं.

गैरसमज: मेज दुबळा असतो, तो मरायचाच

कापडी झगा, कमी हेल्थ, ढाल नाही, इथपर्यंत खरं. पण हे दुबळेपण कुठून आलं ते पाहिलं की चित्र बदलतं. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' नावाचं युद्धखेळाचं नियमपुस्तक निघालं. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या, असा तो प्रकार. त्याच्या काल्पनिक विभागात जादूगार आला तो तोफखाना म्हणून. त्याचा अग्निगोळा मोठ्या कॅटापल्टइतकी जागा व्यापेल आणि वीज मैदानी तोफेइतकी, असा नियमच होता. तीन वर्षांनी, १९७४ साली, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला. त्यातल्या जादूगाराला चिलखत घालायला बंदी. आजच्या ऑनलाइन गेममधला जवळपास प्रत्येक झगेवाला याच घराण्यातला.

तोफ दुबळी असते असं कोणी म्हणत नाही. शत्रू तिच्या तोंडाशी येऊन उभा राहिला की तिचा उपयोग संपतो, इतकंच. मेजचं खरं चिलखत म्हणजे त्याच्या आणि शत्रूच्या मधली जमीन. वॉरियर हेल्थ खर्चून लढतो, मेज अंतर खर्चून. भाच्याकडे तीस यार्ड होते, ते त्याने उभ्याउभ्या उधळले.

गैरसमज: फायरबॉल जास्त मारतो, मग फ्रॉस्टबोल्ट कशाला?

सगळ्यात जास्त मेज याच हिशोबात मरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

फ्रॉस्टबोल्ट चौथ्या लेव्हलला मिळतो. आकड्यात तो फायरबॉलपेक्षा कमी दिसतो, म्हणून भाच्याने त्याला बारवर जागासुद्धा दिली नव्हती. पण फ्रॉस्टबोल्ट लागला की शत्रूचा चालण्याचा वेग ४० टक्क्यांनी घटतो. या गेममध्ये आपला धावण्याचा वेग सेकंदाला ७ यार्ड आहे. मर्लॉकचाही तेवढाच धरू. तीस यार्ड कापायला त्याला साधारण सव्वाचार सेकंद लागतील. तोच थंडीने आखडला तर सात सेकंद. सुरुवातीचा फ्रॉस्टबोल्ट दीड सेकंदात सुटतो. म्हणजे मर्लॉक आपल्यापर्यंत पोचेतो दोनाऐवजी चार मारे. शिवाय शत्रू अंगाशी आला की त्याच्या प्रत्येक फटक्याने आपला कास्ट बार मागे ढकलला जातो. दीड सेकंदाचं काम अडीचवर जातं आणि आकड्यात मोठा दिसणारा फायरबॉल हातातच राहतो.

मरायला टेकलेला शत्रू पळतो, तेव्हा हाच फ्रॉस्टबोल्ट त्याला वस्तीपर्यंत पोचू देत नाही. मर्लॉकांच्या बाबतीत हे एकटंच कारण पुरेसं आहे.

फायर कायमची वाईट असं मात्र नाही. फक्त नवशिक्याला हेही ठाऊक असावं की साठाव्या लेव्हलचा पहिला मोठा रेड, मोल्टन कोअर, लाव्हाने भरलेला आहे. तिथल्या बॅरन गेडनला आणि खुद्द रॅगनरॉसला आगीने काहीच होत नाही. तिथे भलेभले मेज बर्फच फेकतात.

गैरसमज: मागे सरकलं म्हणजे अंतर राखलं

एस बटण. नवशिक्यांचा खरा शत्रू मर्लॉक नव्हे, हे बटण. तोंड पुढे ठेवून मागे चालताना आपला वेग सेकंदाला ७ वरून साडेचारवर येतो. शत्रू आपल्यापेक्षा वेगवान, पाठीमागे काय आहे ते दिसत नाही आणि चालता चालता फायरबॉल किंवा फ्रॉस्टबोल्टही टाकता येत नाही. तिन्ही बाजूंनी तोटा.

मी भाच्याला एसवरून स्पेलच लावायला लावला, म्हणजे सवय मोडेल. मागे जायचं तर माउसचं उजवं बटण धरून गर्रकन पाठ फिरवायची आणि सरळ धावायचं. पाठ दाखवायला त्याला लाज वाटत होती. म्हटलं, पाठ दाखवून जिंकायचं हाच या क्लासचा धर्म.

दहाव्या लेव्हलला फ्रॉस्ट नोव्हा मिळाला आणि खेळ बसला. शत्रू जवळ आले की नोव्हा टाकायचा, आसपासचे सगळे आठ सेकंदांपर्यंत पाय रोवून उभे. वळायचं, तीन सेकंद धावायचं, वीस यार्ड लांब जायचं, परत वळायचं, फ्रॉस्टबोल्ट. मारा बसला की बर्फ कधीही तुटू शकतो, म्हणून आधी अंतर, मग मारा. उलटं केलं तर नोव्हा वाया. तो परत वापरायला २५ सेकंद थांबावं लागतं. त्यामुळे मी त्याला एकच सवय लावली: नोव्हा हाताशी नसेल तर नवीन भांडण उकरायचं नाही. आणि धावण्याआधी मागची वाट मोकळी आहे ना, ते बघून ठेवायचं. आपल्यापेक्षा वरच्या लेव्हलचे शत्रू आपल्याला जास्त लांबून हेरतात.

गैरसमज: शीप केलं की तो गडी बाद

आठव्या लेव्हलचा पॉलिमॉर्फ समोरच्याची मेंढी करतो. खेळाडू त्याला सर्रास 'शीप करणं' म्हणतात. नवशिक्याला वाटतं, एक शत्रू संपला. तो फक्त बाजूला ठेवलेला असतो आणि मेंढी असेपर्यंत त्याची हेल्थ भराभर भरून येते. म्हणून अर्धमेल्याला शीप करणं म्हणजे त्याला फुकट दवाखाना. दोन शत्रू दिसले तर लढाई सुरू करण्याआधीच एकाला शीप करायचं. एका वेळी एकच मेंढी टिकते. माणसं आणि जनावरं चालतात. भुतंप्रेतं आणि राक्षस चालत नाहीत.

मेंढीला कुणाचाही धक्का लागला की ती परत शत्रू होते. डेडमाइन्समध्ये, पाच जणांनी मिळून उतरायच्या डंजनमध्ये, भाच्याने एका डिफायस डाकूला सुरेख शीप केलं आणि पाचच सेकंदांत, नुकताच शिकलेला, आसपासच्या सगळ्यांना लागणारा आर्केन एक्स्प्लोजन त्याच्या शेजारी उभं राहून उडवला. मेंढी गेली, हीलर गेला, मग सगळेच गेले. चॅटमध्ये कोणी काही बोललं नाही. ते जास्त लागतं.

गैरसमज: डॅमेज मीटरवर वर असलेला तो चांगला मेज

पाच जणांच्या गटात शत्रू ज्याच्यावर सगळ्यात चिडलेला असेल त्याला मारतो. या चिडीला थ्रेट म्हणतात आणि ती गेम आकड्यात मोजतो. लांबून मारणाऱ्याची थ्रेट टँकच्या, म्हणजे पुढे उभं राहून फटके झेलणाऱ्याच्या, १३० टक्क्यांपुढे गेली की शत्रू वळून त्याच्याकडे येतो. अगदी जवळून मारणाऱ्यासाठी ही मर्यादा ११० टक्के. म्हणजे मेजला मुळातच थोडी जास्त सूट आहे, आणि तरीही गटात शत्रू अंगावर ओढून घेणारा बहुतेक वेळा मेजच असतो, कारण टँकने शत्रूला हात लावायच्या आत त्याचा पहिला बोल्ट हवेत असतो. टँकला दोन-तीन फटके मारू द्यायचे. मेलेल्या मेजचा डॅमेज शून्य.

गैरसमज: हात वेगवान हवेत, नेट भारी हवं

इथून युरोपच्या किंवा आणखी लांबच्या सर्व्हरवर खेळताना माझा पिंग दोनशेच्या घरात असतो, आणि माझं काही अडलेलं नाही. एक स्पेल टाकल्यावर पुढचा टाकायला गेमच दीड सेकंद थांबवतो. त्यात दोनशे मिलिसेकंद म्हणजे किस झाड की पत्ती. खरी भीती विजेची. लाइट गेली तरी आपला जादूगार काही सेकंद तिथेच उभा राहतो आणि फटके खातो. ऑगस्ट २०२३ मध्ये हार्डकोअर सर्व्हर आले, तिथे एकदा मेलं की ते कॅरॅक्टर कायमचं गेलं. तिथे उतरायचं तर महागड्या ग्राफिक्स कार्डाआधी राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

गैरसमज: सारखं बसून पाणी पिणं म्हणजे वेळेचा अपव्यय

भाचा मॅना, म्हणजे जादूचं इंधन, पाव उरला तरी पुढच्या लढाईत उडी मारायचा. बसून पाणी पिणं त्याला कमीपणाचं वाटे. नियम असा आहे: मॅना खर्चून स्पेल टाकला की पुढचे पाच सेकंद स्पिरिट या गुणामुळे आपोआप भरणारा मॅना बंद. सतत स्पेल टाकणाऱ्याचा मॅना म्हणूनच भरत नाही. शत्रूची थोडी हेल्थ उरली की स्पेल थांबवून वाँड चालवायची. तिला मॅना लागत नाही, आणि तेवढ्यात पाच सेकंद उलटून मॅना परत यायला लागतो. मग खाली बसायचं आणि पाणी प्यायचं. बाकीच्यांना ते दुकानातून घ्यावं लागतं. मेज चौथ्या लेव्हलपासून स्वतःच निर्माण करतो, सहाव्यापासून खाणंही. फक्त साठवून ठेवता येत नाही. लॉग आउट करून पंधरा मिनिटं झाली की पिशवीतलं ते पाणी नाहीसं होतं.

डंजनच्या दारात हीलरने मागायच्या आत त्याच्या हातात पाणी ठेवणं ही मेजची रीत. २००७ च्या बर्निंग क्रुसेडमध्ये तर मेजला खाण्यापिण्याने भरलेलं टेबल मांडण्याचीच विद्या मिळाली. तेव्हा शीर्षक तेवढ्यापुरतं मागे घेतो.

परवा बऱ्याच दिवसांनी माझा जुना प्रीस्ट घेऊन भाच्याबरोबर डेडमाइन्सला गेलो. दाराशी पोचलो तोवर ट्रेडची खिडकी समोर उघडली होती आणि त्यात पाण्याच्या बाटल्यांची रास होती. "मामा, घे," त्याने टाइप केलं. "आणि बस पिऊन. टँकला आधी मारू दे."