बंद पडलेला पाट आणि जनुकाची सुई

वैद्यकाचा विषय हमालांच्या संघटनेतल्या माणसाने का घ्यावा, असे मुक्ताईनगरात कुणी विचारील. पाठीवर पोती वाहणारा पायावर जगतो; आणि तरणेबांड गडी पायाची बोटे गमावताना आम्ही पाहिले आहेत. आधी चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की उतरतो. पुढे रात्री पाय ठणकतो. खाटेखाली सोडून बसले की जरा आराम पडतो. मग अंगठा काळा पडतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळी धरते. होतो तो बहुतेक तंबाखू ओढणाऱ्यांना. आपल्याकडे ओढणारा म्हणजे बिडीवाला.

केळीच्या बागेचा पाट गाळाने बुजला तर आपण बाजूने चाऱ्या काढतो. शरीरही तशा काढते, पण त्या अपुऱ्या पडतात. नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून पेशी एक प्रथिन तयार करतात. ते कसे करावे याचा लेखी हुकूम म्हणजे त्याचे जनुक. हा हुकूम बाहेरून पोचवायचा, तर नेणार कोण? विषाणू यात पटाईत. पेशीत घुसणे हा त्याचा धंदाच. पण शरीर त्याला शत्रू ओळखून उलटते. म्हणून दुसरी वाट निघाली. जिवाणूंमध्ये वाढवलेले डीएनएचे गोल कडे, म्हणजे प्लाझ्मिड, शुद्ध करून सरळ स्नायूत टोचायचे. फार थोड्या पेशी ते आत घेतात. तरी प्रथिन पेशीबाहेर पडून शेजारीपाजारी काम करते. काही आठवड्यांत हुकूम विरतो. पेशीच्या मूळ दप्तरात तो सहसा चढत नाही. हीच त्याची उणीव, आणि निर्धोकपणाही हाच.

बोस्टनचे डॉ. जेफ्री इस्नर यांनी १९९८ साली बर्गरच्या सहा रोग्यांचा अनुभव छापला. जखमांच्या पाच पायांपैकी तिनांच्या जखमा भरल्या. पण पाऊल आधीच सडलेल्या दोघांचा पाय गुडघ्याखाली कापावाच लागला. सहा माणसांवरून निकाल लागत नाही. रशियाने असे औषध २०११ मध्ये मान्य केले. त्याच साली दुसऱ्या एका जनुकाची पाचशेंहून अधिक रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, तीत पाय कापण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. जपानने २०१९ मध्ये अशाच एका औषधाला सशर्त परवानगी दिली, पण २०२४ मध्ये कंपनीने कायम परवानगीचा अर्जच मागे घेतला. भारतात २०१६ मध्ये बर्गरच्या रोगासाठी मर्यादित परवानगी मिळाली ती बंगळूरच्या एका कंपनीच्या मूळपेशींना. ते जनुक टोचणे नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

तोवर उपाय एकच, तंबाखू साफ सोडणे. दिवसाला दोन बिड्याही चालत नाहीत. हे सांगताना आमची जीभ अडखळते, कारण संपात दारावर बसलेल्या गड्यांना बिडी आम्हीच पुढे केली आहे. बिडी वळणाऱ्या बायांच्या मजुरीच्या मोर्चातही आम्ही चाललो, पुढेही चालू. सभेत मात्र आता चहा सांगतो. पोटरीत गोळा येतो म्हणणाऱ्याला विचारतो, पावलावरची नाडी डॉक्टरने बोट लावून पाहिली का? अजून बहुतेक जण मान हलवून नाहीच म्हणतात.