दूध-पाण्याचं गणित आणि दारू-पाण्याचं गणित



सहावीला शेकडेवारी शिकवताना मी दरवर्षी दूध-पाण्याच्या उदाहरणापासून सुरुवात करते. आमच्या गावात डेअरी आहे, सकाळी कॅन घेऊन जाणारी निम्मी मुलं माझ्याच वर्गातली, त्यामुळे वेगळं काही समजावावं लागत नाही. यंदा मात्र फळ्यावर उदाहरण पूर्ण व्हायच्या आत मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, दारूत पाणी टाकलं तर ती बी पातळ होती ना? मग विषारी दारूत लई पाणी टाकलं तर माणूस मरायचा नाही?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण हा प्रश्न त्याला पुस्तकातून पडलेला नव्हता. दारूचं नाव काढलं की आपण शिक्षक विषय बदलतो. मी त्या दिवशी बदलला नाही.

आधी सरळ गणित घेऊ. उदाहरणाला सॅनिटायझर घेतलं, कारण २०२० नंतर ती बाटली प्रत्येक मुलाने हाताळलेली आहे. ९६ टक्के अल्कोहोल असलेलं १ लिटर द्रावण आहे, म्हणजे १००० मिलीत ९६० मिली अल्कोहोल. ते पाणी घालून ८० टक्क्यांवर आणायचं आहे. पाणी घातल्याने अल्कोहोल वाढत नाही आणि कमीही होत नाही, ते ९६० मिलीच राहतं. मग ९६० हे कशाचे ८० टक्के? १२०० चे. म्हणजे एकूण १२०० मिली व्हायला हवं. मुलं लगेच म्हणाली, २०० मिली पाणी घाला!

कागदावर बरोबर आहे. पण खरंच २०० मिली पाणी घातलं, तर मोजपात्रात १२०० पेक्षा थोडं कमी भरतं. ५० मिली शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली होत नाही, साधारण ९६-९७ मिलीच होतं. काही सांडलेलं नसतं, उडालेलंही नसतं. पाण्याचे आणि अल्कोहोलचे कण एकमेकांना जवळ ओढतात आणि एकमेकांच्या फटीत बसतात. वर्गात अल्कोहोल आणायची गरज नाही. एक वाटी हरभरे आणि एक वाटी मोहरी मिसळून बघा, दोन वाट्या भरत नाहीत. (कणांची ओढ यात दिसत नाही, फटी मात्र दिसतात. आमच्याकडे मोहरी नंतर आठवडाभर सापडत होती.) वजन मात्र जेवढ्यास तेवढंच राहतं.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिली, हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली आणि ग्लिसरॉल १४५ मिली असं माप दिलं आहे, पण पाण्याचं माप दिलेलं नाही. १० लिटरच्या खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी भरा, एवढंच सांगितलं आहे. ८३३३ चे ९६ टक्के काढा, जवळजवळ ८००० येतात. १० लिटरचे ८० टक्के!

दारूच्या कारखान्यातही हेच गणित चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो, तो जुन्या इंग्रजी 'प्रूफ' मापातून आला. त्या मापात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, आणि त्याचा पाऊण हिस्सा ४२.८. गोव्यात काजूच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. तो पुन्हा उकळून काढला की फेणी, चाळिशीच्या थोडी पुढची. तिथे हे परवान्याने चालतं. आपल्याकडे विनापरवाना दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते. पिण्याच्या दारूत इथेनॉल असतं. विषारी दारूत बहुतेक वेळा मिथेनॉल असतं, ते कारखान्यात रसायन म्हणून वापरतात. भट्टीवाला माल वाढवायला पाणी घालतो, जोर कमी झाला की गिऱ्हाईक ओरडतं, मग स्वस्तातलं मिथेनॉल ओततात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरहून जास्त माणसं गेली.

फळ्यावर लिहिलं: १०० मिली दारूत १० मिली मिथेनॉल, म्हणजे १० टक्के. त्यात १०० मिली पाणी घातलं. आता किती टक्के? सगळे म्हणाले, ५. आणि मिथेनॉल किती मिली? इथे वर्ग शांत झाला. तेवढंच, १० मिली. पिणाऱ्याने दोन्ही ग्लास रिकामे केले तर पोटात जायचं तेवढंच जातं. एवढ्या मिथेनॉलने डोळे कायमचे जाऊ शकतात.

"मग मशीन लावून बघायचं ना," डेअरीवाल्या मुलीने विचारलं. तिला लॅक्टोमीटर माहीत होता. दारूलाही तसंच तरंगणारं काचेचं यंत्र असतं, पण ते फक्त घनता ओळखतं. इथेनॉलची घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९२. यंत्राला दोन्ही सारखेच! लॅक्टोमीटरही असाच फसतो: मलई काढली की आकडा वर चढतो, मग पाणी घालून तो पुन्हा जागेवर आणता येतो. हे तिनेच आम्हाला सांगितलं, कुठे पाहिलं ते मी विचारलं नाही. वास आणि चवीनेही मिथेनॉल ओळखू येत नाही.

सॅनिटायझरचं एक राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना ते प्यायल्याने सात जण दगावले. त्यामुळे घरी ती बाटली पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवू नका.

मुलांना एक गोष्ट वहीत लिहून दिली, पालकांनीही वाचावी. मिथेनॉलचा त्रास लगेच होत नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. धुकं आल्यासारखं दिसतं, पोटात कळा येतात, उलट्या होतात, धाप लागते. "उतरेल" म्हणून झोपवून ठेवू नका, लिंबूपाणी पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठा, आपल्या भागातून घाटीत न्या, आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना न लाजता सांगा. यावर उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

सरावासाठी उदाहरण: ९६ टक्क्यांचं २५० मिली द्रावण पाणी घालून ६० टक्क्यांवर आणलं. एकूण किती मिली झालं? त्यात अल्कोहोल आधी किती होतं, आता किती आहे? (उत्तर: ४०० मिली. आधी २४० मिली, आताही २४० मिली.)