मुक्या जिवाचे दुखणे आणि घरची घालमेल

न्यू जर्सीतले आयसेलिन आपल्याला माहीत असते ते ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या, सोन्याच्या आणि मिठाईच्या दुकानांमुळे. त्या रस्त्याच्या आजूबाजूला, वुडब्रिज टाउनशिपपासून शेजारच्या एडिसनपर्यंत, मराठी कुटुंबे कित्येक वर्षे नांदत आहेत, आणि त्यातल्या काही घरांत आता कुत्रा किंवा मांजर हा घरातलाच एक जीव झाला आहे. हट्ट बहुधा मुलांचा असतो. आजारपण मात्र आईवडिलांच्या वाट्याला येते. या आईवडिलांचे बालपण सांगली-साताऱ्याकडे किंवा नाशिक-नागपूरकडे गेलेले. तिथे दारात मोत्या होता, पण त्याची रक्ततपासणी कुणी करत नव्हते. गुरांचा डॉक्टर यायचा तो म्हशीसाठी. कुत्रा आपला आपण बरा व्हायचा, नाहीतर एक दिवस दिसेनासा व्हायचा. त्यामुळे आजारी प्राण्याची काळजी कशी वाहायची, हे सांगणारे वडीलधारे माणूस या घरांना मिळालेलेच नाही. माझे म्हणणे असे की या काळजीतला मोठा वाटा आजाराचा नसतो, आधी न ठरवलेल्या गोष्टींचा असतो. काय पाहायचे, किती झाले की फोन करायचा, किती खर्च झेपेल, कुठे थांबायचे, हे शांत वेळी ठरलेले नसेल तर सगळे प्रश्न रात्री दोन वाजता एकदम अंगावर येतात.

हे लाड झालेल्या माणसांचे खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मेरी बेथ स्पिट्झनेगल यांचे काम पाहावे. या ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या नातेवाइकांवर किती भार येतो हे मोजण्यासाठी १९८० पासून एक प्रश्नावली वापरात आहे. ती थोडी बदलून त्यांनी पाळीव प्राण्यांच्या मालकांपुढे ठेवली. २०१७ मध्ये ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या पाहणीत २३८ माणसे होती. निम्म्यांचे प्राणी दीर्घ किंवा असाध्य आजाराचे, निम्म्यांचे धडधाकट. आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांत भार आणि ताण जास्त आढळला, नैराश्याची आणि चिंतेची लक्षणेही जास्त. एकाच वेळची पाहणी असल्यामुळे कशामुळे काय झाले हे तिच्यावरून सिद्ध होत नाही, एवढी सावधगिरी बाळगायला हवी. पण दिवसातून दोनदा गोळी भरवणे, रात्री उठून चादरी बदलणे, कामावर असताना घरचा कॅमेरा उघडून पाहणे, हा भार खरा आहे आणि तो मोजता येतो.

परदेशातल्या मराठी घरात या भाराला आणखी एक धार असते. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यता देत नाही, ते माणसाला चोरून भोगावे लागते, ही मांडणी दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. प्राण्याचे आजारपण त्यात चपखल बसते. हिवाळ्यात आयसेलिनला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. आजीआजोबांचा फोन येतो आणि “कुत्र्यासाठी एवढं?” या एका प्रश्नात बोलणे संपते. तो प्रश्न दुष्टाव्याने विचारलेला नसतो. पण त्यानंतर घरातले माणूस काळजीविषयी बोलणे सोडून देते, आणि न बोललेली काळजी रात्री मोठी होते.

आधी ठरवणे म्हणजे काय, ते एका आजारावरून पाहू. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागणे हा नेहमीचा विकार. निदान झाले की घरातले प्रत्येक जण कुत्र्याच्या प्रत्येक खोकल्याला दचकू लागते. इथे डॉक्टर एक साधे काम सांगतात: झोपेतले श्वास मोजायचे. कुत्रा गाढ झोपलेला असावा, नुकताच खेळून आलेला नसावा, स्वप्नात पाय हलवत नसावा. फोनवर अर्ध्या मिनिटाची वेळ लावून त्याच्या बरगड्यांकडे पाहायचे. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. आलेला आकडा दुप्पट केला की मिनिटाचा हिशेब झाला. विकार आटोक्यात असलेल्या बहुतेक कुत्र्यांत हा आकडा तिसाच्या आत राहतो. तो तिसाच्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे, आणि तरीही वरच राहिला तर फोन करायचा, कारण फुप्फुसात पाणी साचू लागल्याची खूण धाप दिसण्याआधी या आकड्यात उमटते. ‘आज जरा मलूल वाटतोय का?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘आज बावीस’ हे मात्र उत्तर असते, आणि त्यावर झोपता येते.

उलट, काही खुणा अशा आहेत की तिथे मोजत बसायचेच नाही. बोका पुन्हा पुन्हा लिटरच्या पेटीत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि खालची वाळू कोरडीच राहते. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले असेल, सकाळी पाहू. पण मूत्रमार्ग तुंबला असेल तर रक्तातले पोटॅशियम चढत जाते आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तिथे सकाळची वाट पाहायची नाही. भरल्या छातीच्या मोठ्या कुत्र्याचे पोट फुगले आणि त्याला उलटीची उबळ येऊन काहीच पडत नसेल, तरी तसेच. लठ्ठ मांजराने दोनतीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठू लागते, म्हणून ‘रुसलं असेल’ म्हणून सोडून देऊ नये. आपल्या स्वयंपाकघराकडेही याच नजरेने पाहावे लागते. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि ताप आला म्हणून मायेने दिलेली क्रोसिनची किंवा टायलेनॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. अमेरिकेत एएसपीसीए या संस्थेचे विषबाधा केंद्र चोवीस तास फोनवर असते. सल्ल्याचे शुल्क पडते, पण तो नंबर फ्रिजवर चिकटवलेला असावा. शेजारीच रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्याचा पत्ता असावा. तिथे नंबर लागतो तो आल्याच्या वेळेने नव्हे, दुखण्याच्या गंभीरतेने. दोन तास बसवून ठेवले तर चिडण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की आपल्या प्राण्याहून वाईट अवस्थेतला कुणीतरी आत आहे.

दवाखान्याची फेरी हा तर स्वतंत्रच ताण, माणसाला आणि प्राण्यालाही. मांजराची वाहतुकीची पेटी एरवी बेसमेंटमध्ये पडलेली असते आणि त्याच दिवशी बाहेर येते. ती दिसताच मांजर पलंगाखाली. ती वर्षभर बैठकीच्या खोलीत, जुनी चादर घालून उघडी ठेवली तर निम्मे भांडण संपते. धास्तावलेल्या मांजराचा रक्तदाब आणि रक्तातली साखर दवाखान्यात खोटीच चढलेली दिसू शकते, म्हणजे भीती निदानाच्याही आड येते. म्हणूनच निघण्याआधी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत गाबापेन्टिन देण्याची पद्धत रुळली आहे. त्याने प्रवासातला आणि तपासणीतला ताण कमी होतो असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. नेमक्या याच कारणासाठी प्रिगाबालिनचे एक औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मांजरांसाठी मंजूर केले. ‘गुंगीचे औषध कशाला?’ हा आपल्याकडचा आक्षेप मी समजू शकते. पण एकदा झटापट करून तपासून घेतलेले मांजर पुढच्या वेळी जास्त घाबरते, आणि घरचे ती फेरीच टाळू लागतात. टाळलेल्या फेऱ्यांत आजार वाढतो. औषध मात्र माणसांच्या फार्मसीतून परस्पर आणू नये, कारण माणसांसाठीच्या पातळ औषधात कधी गोडीसाठी घातलेले झायलिटॉल असते आणि ते कुत्र्याला विष आहे.

मालकाची भीती प्राण्याला लागते का? स्वीडनमधल्या लिंक्योपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसांतले कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक मोजले. दीर्घकाळच्या ताणाची पातळी दोघांत बरोबरीने वरखाली होताना दिसली. मेंढ्या राखणाऱ्या जातींवरचे हे निष्कर्ष सगळ्या कुत्र्यांना लावता येणार नाहीत, आणि यावरून कुणी स्वतःला दोष देऊ नये. तपासणीच्या टेबलाशी मालकाने कुत्र्याच्या अंगावर हात ठेवून त्याच्याशी बोलत राहिले तर त्याच्या हृदयाचे ठोके कमी वाढतात, हे २०१७ च्या एका प्रयोगात दिसले. काळजीत थरथरणाऱ्या हातालाही हे एक काम देता येते.

आता एक आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. मोजायला लावले की काळजीखोर माणूस दिवसातून वीस वेळा मोजेल, मग हा उपाय की नवा आजार? होते असे. म्हणून मोजण्यालाही हद्द हवी. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, घरातल्या एकाच माणसाने, वहीत नोंद करून. मधल्या वेळात मोजायचे नाही. भीती कमी करण्यासाठी पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली की भीती पोसली जाते, हे चिंतेवर उपचार करणारे नेहमी सांगतात. आणि एवढे करूनही झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टर माणसांचा गाठायला हवा. तिथे ‘मांजर आजारी आहे’ हे कारण सांगायला लाजू नये.

पैशाचा विषय मराठी घरांत शेवटी निघतो; तो सुरुवातीला निघावा. न्यू जर्सीला स्वतःचे पशुवैद्यक महाविद्यालय २०२५ पर्यंत नव्हते. पण महागडे तज्ज्ञ उपचार आयसेलिनच्या दोन्ही बाजूंना, फिलाडेल्फियात आणि न्यूयॉर्कमध्ये, हाताशी आहेत. त्यामुळे ‘काहीच करता येत नाही’ हे वाक्य इथे क्वचित ऐकू येते, आणि ‘हेही करता येईल’ हे ऐकून पोटात गोळा येतो. टेनेसी विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे २८ टक्के घरांनी सांगितले की मागच्या दोन वर्षांत प्राण्याला हवे ते उपचार मिळण्यात अडथळा आला. मुख्य कारण पैसा. म्हणजे खर्च न झेपणारे आपण एकटे नाही. विमा घ्यायचा तर प्राणी धडधाकट असताना, कारण आधीपासूनचे आजार त्यात धरत नाहीत, आणि बहुधा बिल आधी स्वतः भरून मग परतावा मागावा लागतो. नसेल विमा तर डॉक्टरांना सरळ सांगावे: आमची मर्यादा एवढी आहे, तिच्यात सर्वांत उपयोगाचे काय? सर्वांत महाग तेच सर्वांत योग्य असे नसते, उपचारांच्या अनेक पायऱ्या प्रामाणिकपणे मांडता येतात, हा विचार अमेरिकेतल्या पशुवैद्यकांत आता मूळ धरतो आहे. डॉक्टर लुबाडतात असे म्हणणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे: लेखी अंदाजपत्रक मागा, आणि प्रत्येक तपासणीबद्दल विचारा की तिच्या निकालाने उपचार बदलणार आहे का.

माणसांना औषध मिळत नसताना प्राण्यांवर एवढा खर्च कशाला, हा प्रश्न मुंबईने फार पूर्वी आपल्या परीने सोडवला. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांना बरे करते आहे. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी मिनेसोटा विद्यापीठापर्यंत जावे लागले होते. त्या अनुभवानंतर २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. दया वाटून घेतल्याने कमी पडत नाही. पण प्रश्नातला रास्त भाग असा की प्राण्याच्या उपचाराला शेवट असावा. त्यासाठी अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांची २००४ ची मोजपट्टी उपयोगी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. पस्तिसाच्या वर असेपर्यंत सेवा चालू ठेवायला आधार आहे. घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, आपापले गुण वेगळ्या कागदावर लिहावेत. आकडे जुळत नाहीत तिथेच खरे बोलणे सुरू होते.

आयसेलिनच्या घरांपुढे यातला सर्वांत अवघड प्रसंग डिसेंबरात येतो, तीन आठवडे भारतात जायचे असते तेव्हा. म्हातारा कुत्रा कुणाकडे तरी ठेवायचा आणि फोन सायलेंटवर असताना तिकडे काही झाले तर? निघण्याआधी नेहमीच्या दवाखान्यात एक लेखी परवानगी देऊन ठेवता येते. आपल्या गैरहजेरीत निर्णय कोण घेईल, किती डॉलरपर्यंत उपचार करायचे, चालू औषधे कोणती, आपल्याशी संपर्क झाला नाही तर किती वेळ थांबायचे, आणि वेदना हाताबाहेर गेल्या तर त्याला शांतपणे निरोप द्यायला संमती आहे की नाही. शेवटचा रकाना भरताना हात अडखळतो. तरी तो भरून, सांभाळणाऱ्या मित्राला समोर बसवून वाचून दाखवावा, म्हणजे तो निर्णय त्याच्या एकट्याच्या माथी येणार नाही.