खारपाणपट्टा

रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाणारे कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आहे. वर्धेचे पाणी अखेर गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला मिळते. याच जिल्ह्यात पश्चिमवाहिनी अशी दुसरी नदी आहे, ती पूर्णा. सातपुड्यातून निघून ती तापीला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत काळ्याभोर जमिनीचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. येथे विहीर खणली की सोने पिकेल, असे परक्या माणसास वाटावे. परंतु विहिरीला पाणी लागते ते खारट! म्हणूनच या भागास खारपाणपट्टा म्हणतात.

कोकणात भरतीचे पाणी शेतात शिरून जमीन खारावते. पण वऱ्हाडापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! मग येथे खारटपणा आला कोठून? मुलांनो, बशीत मिठाचे पाणी घालून ती उन्हात ठेवा. पाणी उडून जाईल. मीठ तळाशी राहील. खडक झिजताना त्यांतील क्षार पाण्यात उतरतात. पूर्णेचे खोरे सपाट आणि चिकणमातीचे थर खोल. त्यामुळे पाण्याचा निचरा होत नाही. उन्हाने पाणी उडते व क्षार मागे उरतात. हजारो वर्षे हेच चालत आले आहे.

हे पाणी पिकास दिले तर त्यातील सोडियममुळे मातीचे कण फुगून सुटे होतात व जमिनीची छिद्रे बुजतात. मग पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी कठीण होते. पीक डोळ्यांदेखत सुकत असताना भरल्या विहिरीकडे नुसते पाहत बसणे शेतकऱ्याच्या नशिबी येते. कापूस, तूर, मूग ही पिके त्याने पावसावर घेतली आणि हरभरा जमिनीतील ओलीवर.

यावर उपाय आहे तो पावसाच्याच पाण्याचा. शेततळ्यात साठवलेले गोड पाणी अडीअडचणीला एकदोनदा दिले तरी पीक वाचते. चिकणमाती पाणी सहसा मुरू देत नाही. एरवीचा हा दोष तळ्याला मात्र उपयोगी पडतो. तळे फार खोल नेले तर खाली खारे पाणी लागण्याचा धोका असतो. जमिनीत जिप्सम मिसळले, तर त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पावसाबरोबर वाहून जातो. त्यासाठी शेतात निचऱ्याचे चर हवेत. ढैंचा पेरून तो जमिनीत गाडल्यानेही माती भुसभुशीत होते. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात या जमिनींचा अभ्यास चालतो.

पिण्याच्या पाण्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याकडील वान व शहानूर या धरणांतून नळ घातले आहेत. वानचे पाणी अकोट व तेल्हाऱ्याकडील खेड्यांना मिळते, शहानूरचे अंजनगाव व दर्यापूरकडील खेड्यांना. नळाला पाणी आले नाही, की घरातील माणसांना घागर घेऊन पुन्हा त्याच खाऱ्या विहिरीची वाट धरावी लागते.