सिनेमा कसा वाटला गं?

दर वेळी मी बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, हप्ता यावरच बोलते. आज विषय वेगळा घेतलाय. आज सिनेमावर बोलू. अभिनय कसा, कॅमेरा कसा हे सांगणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते आपल्यासारख्या बायका सिनेमा बघून झाल्यावर काय म्हणतात, त्याबद्दल.

आपल्या आज्यांनी सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. मधे दोरी, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मांडीवर पोर. आता तालुक्याचं थेटरही कधीतरीच. बहुतेक जणी रविवारी दुपारी टीव्हीवर बघतात, नाहीतर मुलाच्या मोबाईलवर, तेही भाकरी थापता थापता अर्धंमुर्धं. आणि मग विचारलं, कसा होता, की उत्तर येतं, "चांगला होता." किंवा, "काय खास नव्हता." तिथंच विषय संपतो.

गेल्या वर्षभरात आमच्या काही गटांत मासिक बैठकीनंतर आम्ही मिळून सिनेमे पाहिले. कुणाच्या तरी घरी, मोठ्या टीव्हीवर, चहा करून. माझ्या लक्षात आलं ते असं: "कसा वाटला" विचारलं तर कुणी बोलत नाही. "यातल्या कुणाला तुम्ही घरी चहाला बोलवाल आणि कुणाला दारात उभं करणार नाही?" असं विचारलं की सगळ्या एकदम बोलतात. सिनेमातल्या बाईबद्दल बोलताना आपण मोकळ्या असतो. आपलं नाव निघत नाही, सासरचं नाव निघत नाही, भावकीला काही कळत नाही. बोलणं मात्र पुष्कळदा आपलंच असतं.

पहिला पाहिला 'लापता लेडीज'. किरण राव यांचा हिंदी सिनेमा, मार्च २०२४ मध्ये आला. गोष्ट २००१ सालातली. रेल्वेच्या एकाच डब्यात दोन नव्या नवऱ्या, दोघींच्या तोंडावर सारखाच लाल घुंगट. रात्री घाईघाईत उतरताना दीपक दुसऱ्याचीच बायको घेऊन घरी येतो. त्याची खरी बायको फूल अनोळखी स्टेशनावर राहते. तिला सासरच्या गावाचं नाव धड सांगता येत नाही. काहीतरी फुलाचं नाव आहे, एवढंच आठवतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून तेही अडतं. तिकडं दीपकच्या घरी आलेली जया आपलं खरं नाव सांगतच नाही. तिला शिकायचं असतं, सेंद्रिय शेतीचा अभ्यास करायचा असतं आणि मनाविरुद्ध लग्न लावून दिलेलं असतं.

सिनेमा संपल्यावर पहिलं मत आलं एका वयस्कर काकूंचं. म्हणाल्या, "ती दुसरी पोरगी खोटारडी. ज्यांच्या घरी खाल्लं त्यांनाच फसवलं. दागिने विकले. माझी सून असती तर मी उभी केली नसती." त्यांच्या शेजारी त्यांची सूनच बसली होती. खोलीत एकदम शांतता. मग दुसऱ्या गल्लीतली एक ताई हळूच म्हणाली, "काकू, खरं सांगितलं असतं तर तिला परत पाठवलं नसतं का?" काकूंनी जरा विचार केला. म्हणाल्या, "पाठवलं असतं. मीच पाठवलं असतं."

हे मला फार मोलाचं वाटतं. काकूंनी मत बदललं नाही. खोटं ते खोटंच, असंच त्या आजही म्हणतात. पण खोटं कशापायी बोललं गेलं, त्यात आपला हात कुठं लागतो, हे त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं, तेही सुनेसमोर. भाषण देऊन हे होत नाही.

दुसरं मत आलं फूलबद्दल. एक ताई हसत म्हणाली, "काय बावळट पोरगी, सासरचा पत्ता ठाऊक नाही!" सगळ्या हसल्या. मग मी म्हटलं, मोबाईल बाजूला ठेवा आणि नवऱ्याचा नंबर सांगा. निम्म्याहून जास्त जणींनी मोबाईलकडंच हात नेला. "सेव्ह केलाय की!" म्हणाल्या. बॅटरी संपली तर? एसटी स्टँडवर पर्स मारली तर? त्या दिवशी आम्ही दोन नंबर पाठ करायचं ठरवलं, एक घरातला आणि एक माहेरचा किंवा मैत्रिणीचा. सोबत हेही सांगून ठेवते: कुठल्याही संकटात ११२, बायकांच्या मदतीसाठी १८१, रेल्वेत असाल तर १३९. यासाठी मोबाईल आपलाच पाहिजे असं नाही, कुणाच्याही फोनवरून लावता येतो.

फूलला स्टेशनावर आसरा देते ती चहावाली मंजू माई. आपल्या जिवावर बसून खाणाऱ्या आणि वर मारणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला तिनं घराबाहेर काढलेलं असतं. हे काम केलंय आपल्या छाया कदम यांनी. 'फँड्री'त जब्याची आई, 'सैराट'मध्ये हैदराबादला आर्ची-परश्याला आधार देणारी सुमनअक्का, त्याच या. आमच्याकडं एकीनं ओळखलं आणि ओरडलीच, "अगं ही तर आपली अक्का!" फूल तिच्या टपरीवर कलाकंद करते आणि माई तिला त्याचे पैसे हातात देते. फूलची ती पहिली कमाई. या जागी तीन जणींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिघी पापड-शेवयांच्या गटातल्या होत्या. पहिली कमाई कुणाच्या हातात दिली, यावर मग अर्धा तास गेला. एकीनं सासूच्या पायावर ठेवले होते, एकीच्या नवऱ्यानं मोजून घेतले होते. एकीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःला चपला घेतल्या होत्या.

तक्रारीचं मतही होतं आणि मला ते पटलं. आमच्यातली एक, जिनं माहेरच्या एका प्रकरणात पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यात, ती म्हणाली, "असा इन्स्पेक्टर कुठं असतो? लाच खातो आणि शेवटी पोरीला सोडून देतो!" खरंय. सिनेमा गोड आहे, जरा जास्तच गोड आहे. स्टेशनावर एकट्या राहिलेल्या मुलीला एकही वाईट माणूस भेटू नये, हे नवलच. पण तो इन्स्पेक्टर शेवटी जे करतो, त्यातली कायद्याची बाजू खरी आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध ओढून नेण्याचा हक्क नवऱ्यालाही नाही. गोष्ट गोड असली तरी एवढं लक्षात ठेवा.

दुसरा सिनेमा 'सैराट'. हा २०१६ चा, नागराज मंजुळे यांचा. सगळ्यांनी आधीच पाहिलेला, काहींनी पाच-सहा वेळा. तरी परत लावा म्हणाल्या. मी सुरुवातीलाच विचारलं, कुठला भाग आवडतो? बहुतेक जणी म्हणाल्या, पहिला. गाणी, विहीर, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची. हैदराबादचा भाग रटाळ वाटतो म्हणाल्या. पण ऊसतोडीला जाऊन आलेली एक ताई म्हणाली, "मला दुसराच खरा वाटतो. ती पत्र्याची खोली, ती घाण, भूक लागली की होणारी भांडणं. पळून गेल्यावर गाणी वाजत नाहीत."

शेवट तुम्हाला माहीत आहे. आर्चीचा भाऊ माणसं घेऊन येतो, माहेरच्या वस्तू आणतो, ती हरखून चहा ठेवते. नंतर लहान मूल दारात येतं आणि दोघंही गेलेले असतात. इथं सिनेमा संगीत बंद करतो, आवाजच बंद करतो. आधी दोन-अडीच तास वाजतगाजत आलेला सिनेमा एकदम मुका होतो. आता रडा किंवा आता रागवा असं सांगणारं संगीतच नाही, मग ती जागा बघणारी आपल्या मनातल्या गोष्टीनं भरते. म्हणूनच याच शेवटावर अगदी उलटसुलट मतं निघतात.

आमच्याकडं निघाली ती अशी. एका ताईची मुलगी बारावीला. ताई म्हणाली, "मी मुद्दाम पोरीला शेजारी बसवून हा सिनेमा दाखवला. म्हटलं बघ, आईबापाचं ऐकलं नाही की असं होतं. आता कॉलेज बंद करावं असं मनात आहे." दोघी-तिघींनी माना हलवल्या. मग ऊसतोडीची ताई बोलली. "त्यांना कुणी मारलं? आईबापाचं न ऐकण्यानं सुरी चालवली का? सुरी भावानं चालवली. मग सिनेमा पोरीला कशाला दाखवतेस? पोराला दाखव."

त्या ताईला मुलगाही आहे, मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. ती काहीच बोलली नाही. घरी जाताना मला म्हणाली, "तो म्हणतो कधी कधी तसलं." तसलं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही, मला कळलं होतं. मुलगी अजून कॉलेजला जाते, आई तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला येते. यात सिनेमाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. मुलगा आता माझ्याशी नीट बोलत नाही.

इथं एक सूचना. असा सिनेमा लावायच्या आधी लेकरं कुठं आहेत ते बघा. सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र दिसतं, आपण तेव्हा खुर्च्या लावत असतो. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मधल्या 'यूए'चे २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग केलेत, म्हणजे त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवायचं. ही पाटी थोडाच वेळ असते, पण बघायची सवय लावून घ्या.

'बाईपण भारी देवा'वर फार बोलत नाही. केदार शिंदे यांचा, २०२३ चा, दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. त्या वर्षी बायका जीप करून, एकसारख्या साड्या नेसून थेटरात गेल्या होत्या, आमच्याही दोन गटांनी जीप केली होती. खूप हसलो, फुगड्या घातल्या. पण एक मत सांगायलाच हवं. आमच्यातली एक विधवा ताई म्हणाली, "सिनेमा चांगला आहे गं, पण मंगळागौर म्हटलं की मला बोलावतं कोण? मी जीपचे पैसे भरले म्हणून आले." शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, नंतर सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेत तो ठराव झाला का? झाला असेल तर मागच्या हळदीकुंकवाला कोण कोण होतं? बैठकीत विचारा.

आता शेवटचा, जुना. 'मंथन', १९७६, श्याम बेनेगल. गुजरातच्या दूध सोसायटीची गोष्ट. हा मी मुद्दाम लावला, कारण त्याचे पैसे कसे उभे राहिले ते ऐका. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाख झाले, त्यात सिनेमा झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गणीतून! आणि तो बघायला ते शेतकरी आपला सिनेमा म्हणून ट्रकनं आले. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवली.

सुनांना तो संथ वाटला, दोघी झोपल्या. जागं ठेवलं ते दोन गोष्टींनी. एक, स्मिता पाटील यांची बिंदू. तिचा कागदावर अंगठा घेतला जातो आणि तोच कागद सोसायटी उभी करणाऱ्या डॉक्टरवर घाणेरडा आरोप करायला वापरला जातो. इथं आमच्या अध्यक्षताई उठून उभ्या राहिल्या. गेल्या साली दारात आलेल्या एका कर्जवाल्या कंपनीच्या माणसानं त्यांच्या गल्लीत चार जणींच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर घेतल्या होत्या. त्यातली एक समोरच बसली होती. ती म्हणाली, "मला वाचता येतं. तरी मी वाचलं नाही, कारण तो घाई करत होता." त्या रात्री ठरलं की कुठल्याही कर्जाच्या कागदावर सही आधी नाही. कागद एक दिवस घरी ठेवायचा, गटातल्या दोघींनी वाचायचा आणि आपली प्रत मागून घ्यायची. देत नाही म्हणाला तर कर्जच नको.

दुसरी गोष्ट दुधाची. सिनेमातला खाजगी डेअरीवाला मिश्रा दूध घेतो आणि भाव स्वतःच ठरवतो. तीन म्हशी असलेली एक काकू म्हणाली, "आमच्याकडं मशीन आहे, पण त्याचं तोंड भिंतीकडं. फॅट किती लागली ते तोच सांगतो." दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि उरलेला घट्ट भाग. दोन-तीन पॉइंट इकडचे तिकडं झाले तर महिन्याच्या बिलात फरक पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका किटल्या घेऊन एकत्र गेल्या आणि म्हणाल्या, आकडा आम्हाला दिसू दे. संकलन करणारा आधी हसला, मग चिडला. आठवडाभर रोज सहाही जणी तेच म्हणत राहिल्या. आता मशीन रस्त्याच्या बाजूला वळवलंय. पावती मात्र अजून हातानं लिहून देतो, छापील देत नाही. त्यासाठी या सोमवारी परत जायचंय.

पुढच्या बैठकीला कोणता सिनेमा, ते अजून ठरलेलं नाही. सासवांनी जुना मागितलाय आणि सुनांनी नवा, आणि टीव्ही ज्यांच्या घरी आहे त्या म्हणतात, आधी चहाच्या साखरेची वर्गणी काढा.