शंखाचे नाव कोण ठरवणार?

समजा, दादरच्या चौपाटीवर ओहोटीच्या वेळी तुम्हाला एक अनोळखी शंख दिसला. आतला प्राणी जिवंत आहे. त्याची जात कोणती, हे कसे ठरवाल?

एक वाट जुनी आहे. 1883 साली मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले. आपली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत, नमुने दाखवावेत, हा त्यांचा हेतू. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. त्यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. या वाटेने जाणारा अभ्यासक प्राणी मद्यार्कात टिकवतो, बरणीवर ठिकाण व तारखेची चिठ्ठी लावतो, संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहतो, गरज पडल्यास विच्छेदन करतो. त्याचा लेख तज्ज्ञांनी तपासल्यावरच छापला जातो. याला वेळ लागतो. पण 50 वर्षांनी कुणाला शंका आली, तर बरणी उघडून पुन्हा पाहता येते.

दुसरी वाट इंटरनेटची. 2017 मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातील मंडळी ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन प्राण्यांची छायाचित्रे घेतात आणि ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर नोंदवतात. येथे नोंद आधी प्रसिद्ध होते, तपासणी मागाहून. नाव सुचवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे (निदान दोघांचे तरी) जातीबद्दल एकमत झाले, तर नोंदीला ‘संशोधन दर्जा’ मिळू शकतो.

मग मते मोजून सत्य ठरते काय? नाही! पहिल्याने चुकीचे नाव दिले आणि दुसऱ्याने न पाहताच होकार भरला, तर चूकच पक्की होते. छायाचित्राचे विच्छेदनही करता येत नाही. शिवाय जिथे कुणी गेलेच नाही, तिथली नोंद नसते. म्हणून तिथे प्राणीच नाही, असे म्हणता येणार नाही.

पण एकटा अभ्यासक प्रत्येक ओहोटीला प्रत्येक किनाऱ्यावर कसा पोहोचेल? ते काम शेकडो डोळेच करू शकतात. म्हणजे एका वाटेची उणीव दुसरी भरून काढते. कसोटी मात्र दोन्हीकडे एकच : पुरावा.

तेव्हा शंख दिसला, तर शेजारी पट्टी ठेवून वरून, बाजूने व तोंडाकडून छायाचित्रे घ्या. तारीख, वेळ, जागा लिहा. प्राणी होता तिथेच ठेवा. आणि कुणी नाव सांगितले, की आधी विचारा, “कशावरून?”